डोल्चेत्तोची उतरण

म्युनिकमध्ये भाड्याचं घर बघायला जाणारा माणूस पगाराच्या चिठ्ठ्या, दाखले आणि शिफारसपत्रं अशी चळत काखोटीला मारून जातो आणि परीक्षेला बसल्यासारखा हसतो. मी आणि बायको तसेच हसत उभे होतो. आमच्या मागे जिन्यावर आणखी सात-आठ जोडपी हसत होती. घरमालकाने एकाही कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. तळमजल्यावर त्याचं वाइनचं दुकान होतं. तिथे त्याने आम्हाला नेलं, पेल्यात थोडी वाइन ओतून माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "काय आहे?"

"रेड वाइन," मी म्हणालो.

"लाल हा सिग्नलचा रंग झाला," तो खेकसला. "मी चव विचारतोय!"

मी काही पिणाऱ्यातला नव्हतो. एक घोट घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. जर्मन शब्द आठवेना. घर गेलंच आहे हे कळून चुकलं होतं, म्हणून वैतागून सरळ मराठीतच म्हणालो, "तुरट आहे हो. तुरट!"

"हे काय?"

मी सांगितलं, की कच्चं केळं, जांभूळ, सुपारी, आवळा खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं त्याला आमच्याकडे तुरट म्हणतात. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "पन्नास वर्षं," तो म्हणाला, "पन्नास वर्षं मी या लोकांना नेब्बिओलो समजावून सांगतोय. यांच्याकडे शब्दच नाही! 'पेल्त्सिग' म्हणतात! म्हणे जिभेवर लोकर उगवली! आणि तुमच्याकडे शेंबड्या पोराला शब्द आहे?" मग जिन्याकडे तोंड करून त्याने उरलेल्या जोडप्यांना ओरडून सांगितलं, की घर गेलं, घरी जा. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलेलं होतं: नेब्बिओलो, तुरट. याचा अर्थ काय असं जो विचारील त्याला तो झापायचा.

इटलीच्या वायव्येला पिएमोंते नावाचा प्रांत आहे, त्यातल्या लांगे नावाच्या टेकड्यांवर हे नेब्बिओलो द्राक्ष होतं, आणि बारोलो, बार्बारेस्को ही बड्या घरची नावं याच द्राक्षाच्या वाइनीची, हे सगळं मला पुढे बोलणी खात खात कळलं. म्हातारा मूळचा तिथला. विशीत म्युनिकला मोटारींच्या कारखान्यात कामाला आला, मग कारखाना सोडून त्याने हे दुकान काढलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. राग होता.

इतक्या गोष्टींवर रागावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाइनीत बर्फ टाकणाऱ्यांवर राग. लांगेत ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीच्या मोसमात येऊन फोटो काढणाऱ्यांवर राग. नव्या लाकडाच्या छोट्या पिंपांत बारोलो मुरवून तिला व्हॅनिलाचा वास आणणाऱ्या उत्पादकांना तो 'सुतार' म्हणायचा. "ही सुताराची वाइन आहे. हिच्यात खुर्ची लागते." त्याच्या आजोबांच्या वेळेपासूनची मोठमोठी जुनी पिंपं, ज्यांना स्वतःचा काही वास उरलेला नसतो, तीच खरी, असं त्याचं मत. एकदा भारी कोटातला एक गृहस्थ दुकानात आला आणि साहेबाला भेट द्यायला बारोलो मागू लागला, किंमत काही का असेना. म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या साहेबाने जन्मात कधी कशाची वाट पाहिली आहे?" गृहस्थ हसला. "नसेल, तर त्याला बिअर द्या. ही बाटलीत यायलाच तीन वर्षांच्या वर थांबते, आणि नंतर आणखी दहा थांबवावी लागते." गृहस्थ रिकाम्या हाताने गेला. असलं दुकान चालायचं कसं, हा प्रश्न आम्हा दोघांना नेहमी पडे.

आमच्या मीटफरट्रागमध्ये, म्हणजे भाडेकरारात, त्याने हाताने एक कलम घातलं होतं: दुपारी बारापर्यंत फोडणी करायची नाही. सकाळी तो खाली वाइनी चाखत बसे, आणि हिंगाचा वास जिन्यातून उतरला की त्याचा सगळा उद्योग बसे. एका रविवारी बायकोने विसरून अकरालाच आमटी फोडणीला टाकली. तो धापा टाकत वर आला आणि दारातूनच गरजला, "फोडणी!" बायको घाबरून माफी मागू लागली. त्याने नाक वर करून वास घेतला, वाटी मागितली, उभ्यानेच आमटी संपवली आणि म्हणाला, "इतक्या चांगल्या गोष्टीने माझी सकाळ नासवता, तुम्हाला काही वाटत नाही?" त्या दिवसापासून ती त्याला आजोबा म्हणायला लागली आणि तो तिच्यावर जरा कमी ओरडू लागला.

मराठी शब्द तो वेचून ठेवायचा. तुरट आणि फोडणी झाले. मग 'बास'. त्यांच्या इटालियन 'बास्ता'चा, म्हणजे 'पुरे'चा, हा चुलतभाऊ म्हणून तो त्याला फार आवडायचा. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की वरून बायको हाक मारी, आणि मी जिन्यातून ओरडे, "येतो, येतो!" त्याने याचाही अर्थ विचारला. इश कोमं, मी येतो, असं मी सांगितलं. त्याने मान डोलावली.

आता डोल्चेत्तोबद्दल सांगायला हवं. हेही लांगेतलंच द्राक्ष. डोल्चेत्तो म्हणजे 'छोटं गोडुलं', पण त्याची वाइन गोड नसते. फसून ती नेणारे आणि परत आणणारे पुष्कळ, आणि त्या प्रत्येकाशी म्हाताऱ्याचं भांडण. लांगेत चांगल्या उन्हाची उतरण, जिथलं बर्फ आधी वितळतं, ती नेब्बिओलोला. त्याच्या खालोखालची बार्बेरा नावाच्या दुसऱ्या द्राक्षाला. आणि जी उरेल, गार, वाकडी, पाय घसरणारी, ती डोल्चेत्तोला. तिची वाइन साठवायची नसते, नाव कमवायचं नसतं. घरच्या जेवणाबरोबर घरच्यांनी प्यायची, बास. "थोरल्याला ऊन," तो म्हणायचा, "धाकट्याला जे उरेल ते." तो स्वतः धाकटा. बापाची उन्हाची उतरण थोरल्या भावाला गेली आणि त्याने ती एका बाहेरच्या धनाढ्याला विकून टाकली. बहिणीला डोल्चेत्तोची वाकडी उतरण मिळाली. याला म्युनिक मिळालं. दर हिवाळ्यात बहिणीकडून डोल्चेत्तोची खोकी यायची, आणि तेवढ्या वाइनीबद्दल तो कधी ओरडून बोलला नाही.

ती उतरण जाणार होती. बहीण थकली होती, सगळं भाचा बघायचा. भाचा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण त्याच्यावर रागावणं सोपं आहे. त्या चढावर यंत्र चालत नाही, आणि तोडणीला माणूस मिळत नाही. डोल्चेत्तोची खोड अशी, की पिकली की ती थांबत नाही. देठ सुटतात आणि मणी आपोआप खाली पडू लागतात. आठवड्याचं काम दोन दिवसांत उरकायला हात लागतात. शेजाऱ्यांनी बागा उपटून हेझलनट लावले होते, ते यंत्राने गोळा होतात. भाचा मामाला म्हणाला, "मला बाग नको असं नाही. मला हात दाखव. यंदा हात मिळाले तर बाग राहील. नाही मिळाले तर हिवाळ्यात मी ती काढतो."

म्हाताऱ्याने महिनाभर आमचं डोकं खाल्लं आणि मग त्याला आमचं मराठी मंडळ आठवलं.

ऑगस्टमध्ये मंडळाचं स्नेहसंमेलन त्याच्याच मागच्या अंगणात भरायचं. जागा त्याची, भेळ आमची. बायका मोस्कातो नावाची फेसाळ वाइन सरबतासारखी प्यायच्या, त्यालाही त्याची हरकत नसे. "ती गोड आहे आणि गोड आहे असं सांगते. प्रामाणिक आहे." त्या दिवशी तो खुर्चीवर चढला. आपल्या वेड्यावाकड्या जर्मनमध्ये त्याने बहिणीची उतरण सांगितली, गळणारे मणी सांगितले, भाच्याची अट सांगितली. कधी नव्हे तो ओरडला नाही. विनंती केली. सप्टेंबरातला शेवटचा शनिवार-रविवार, राहायची सोय, जेवण बहिणीच्या हातचं. "मला हात हवेत," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बारा वर्षांत त्यांना जर्मन फारसं आलं नाही, पण 'गेनाऊ', म्हणजे 'बरोब्बर', आलं, आणि म्हाताऱ्याला म्हणायला 'ओपा', म्हणजे आजोबा. ते म्हणाले, "गेनाऊ! सुपर आयडिया, ओपा! आपण अख्खं मंडळ जाऊ. मुलांना पण कळेल द्राक्षं कुठून येतात!" कुणी म्हणालं नक्की, कुणी म्हणालं बसच करू. एकीने तर द्राक्षांच्या मांडवाखाली कुठली साडी शोभेल इथपर्यंत विचार केला.

लोक निघाले तेव्हा मी भांडी आत नेत होतो. म्हातारा फाटकाशी उभा होता आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "तोडणीला? येणार?" आणि आमचा प्रत्येक माणूस, चपला पायात सरकवत, डबा सांभाळत, पोराला ओढत, त्याला म्हणत होता, "हो, हो, ओपा! येतो हं!" "येतो आम्ही!" "चला, येतो!"

दुसऱ्या दिवशी तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. "विसाच्या वर, इन्जेन्येरे!" मला तो अशीच, इंजिनियर म्हणून, हाक मारी. " मी एकेकाला विचारलं. सगळे 'येतो' म्हणाले. तुमच्या भाषेत म्हणाले!"

मी म्हटलं, आमच्याकडे निघताना असं म्हणायची पद्धत आहे, मी पुन्हा एकदा विचारतो. "कशाला?" तो भडकला. "शिकलेली माणसं आहेत! तोंडाने बोलली आहेत!" तरी मी मंडळाच्या ग्रूपवर तारखा, पत्ता, कुणी किती जण, सगळं विचारून टाकलं. अंगठे आले. एकाखाली एक, पिवळे, उभे अंगठे. अध्यक्षांनी वर द्राक्षांचं चित्र टाकलं. मी म्हटलं, चला, माझीच शंका खोटी. म्हाताऱ्याने भाच्याला फोन करून सांगितलं, की तोडणीला जी छोटी टोळी तू कशीबशी मिळवली आहेस ती सोडून दे, दुसऱ्याच्या बागेत जाऊ दे, आमचे विसाच्या वर इंजिनियर येत आहेत.

मी आणि बायको गुरुवारी रजा घेऊन निघालो. म्हातारा आधीच तिकडे होता. शुक्रवारी संध्याकाळी, बहीण स्वयंपाकघरात पीठ लाटत असताना, मला मंडळातल्या एकाचा फोन आला. "अरे, ते द्राक्षांचं खरंच होतं का? सीरियसली?"

शनिवारी सकाळी अक्रोडाखाली लांबलचक टेबल मांडलेलं होतं. बाकं शेजारच्या चर्चमधून आणलेली. तिकडे लसूण आणि तेलाची एक गरमागरम चटणी करतात, तिच्यात खारवलेला मासा असायलाच लागतो, नाहीतर त्यांच्या दृष्टीने ते पाप. आमच्यातले निम्मे शाकाहारी म्हणून म्हाताऱ्याने बहिणीशी तीन दिवस भांडून एक पातेलं बिनमाशाचं करायला लावलं होतं. ते पातेलं वेगळं ठेवलं होतं, वर फडकं बांधून. फाटकातून कोणीही आलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. बहीण एकदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मग भाच्याने कात्र्या उचलल्या आणि आम्ही पाच जण उतरणीवर गेलो.

आयुष्यात मी इतका राबलो नाही. पाय घसरत होते, कंबर मोडत होती, आणि ओळी संपत नव्हत्या. घडाखाली हात नेला की घड हातात यायच्या आधीच मणी टपटप सुटायचे. जमीन जांभळी झाली होती. बायको एका ठिकाणी बसून गळलेले मणी मुठीने गोळा करू लागली. बहीण तिला खुणेने म्हणत होती, राहू दे, पोरी, ते आता नाही चालत. तिला ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. त्याच वेळी माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता. मला वाटलं, वाट चुकले असतील बिचारे. फोटो होते. म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्टचा, म्हणजे सप्टेंबरातच सुरू होणाऱ्या बिअरच्या जत्रेचा, शनिवार. अध्यक्ष चामड्याच्या चड्डीत, हातात लिटरचा मग, मागे अख्खं मंडळ, बायका त्या फुगीर बाह्यांच्या झग्यांत. खाली लिहिलेलं: मिसिंग यू गाइज!

मी तो फोन त्या उतरणीवरून खाली भिरकावून दिला असता. बायकोने हात धरला.

दुपारी टेबलाशी आम्ही पाच जण बसलो. म्हाताऱ्याने मला विचारलं, "आता सांगा. येतो म्हणजे काय?"

मी सांगितलं. घरातून निघताना आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. अशुभ असतं. जाणारा परत यावा म्हणून 'येतो' म्हणायचं. अगदी अनोळखी घरातून निघतानाही म्हणायचं.

"म्हणजे निघताना येतो."

"हो."

"आणि येताना?"

"तेव्हाही येतो."

मी वाट बघत होतो, की आता फुटेल. फुटावाच. मला तो ओरडायला हवा होता, माझ्यावर, मंडळावर, माझ्या सबंध भाषेवर. तो म्हणाला, "सुंदर आहे," आणि बिनमाशाच्या पातेल्यावरचं फडकं सोडून त्याने ब्रेड बुडवला. त्या क्षणी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

रविवारी दुपारी गारांचा पाऊस झाला. पाऊण बागेची द्राक्षं वेलींवरच राहिली होती. जे तोडलं होतं ते इतकं थोडं, की त्याची वेगळी वाइन करण्यात अर्थ नव्हता. भाच्याने ते गावच्या सहकारी कारखान्यात इतरांच्या मालात ओतलं.

आणि मग दिवाळीचं संमेलन. या वेळी एका हॉलमध्ये, कारण म्हाताऱ्याचं अंगण मी मागितलंच नाही. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन किस्सा रंगवला. फाटकाशी उभा म्हातारा, निघालेली मंडळी, "येतो हं, ओपा!" आणि म्हाताऱ्याला वाटतं सगळे येतायत! त्याच्या उच्चारांची नक्कलही केली. हॉल हसून लोळला. भाषेची गंमत! काय पण आपली मराठी!

मी उठलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हटलं, "तो शब्द ठेवा बाजूला. फाटकाशी शब्दाचा घोळ झाला, मान्य. त्याआधी टाळ्या कोणी वाजवल्या? नक्की नक्की कोण म्हणालं? ग्रूपवर अंगठे कोणाचे होते? टाळीला व्याकरण असतं का? तुम्हाला यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. एका माणसाने जरी नाही म्हटलं असतं ना, तरी त्याने टोळी सोडली नसती. पण आपल्याला नाही म्हणायला होत नाही. आपण चांगले दिसायला हवेत. आपण हो म्हणून चांगले, आणि न जाऊन मोकळे!"

अध्यक्षांनी माईक खाली धरला आणि हळूच म्हणाले, "अरे, चिल ना. एवढं काय? द्राक्षंच होती. पुढच्या वर्षी जाऊ की नक्की."

त्या रात्री ग्रूपवर त्यांनी विचारणा टाकली: पुढच्या सप्टेंबरात द्राक्षतोडणीची सहल, कोण कोण इंटरेस्टेड? अंगठे आले. मी ग्रूप सोडला. मी सोडल्याची जी ओळ आपोआप आली तिच्याखालीही कुणीतरी अंगठा टाकला; बायको अजून ग्रूपवर होती, तिने दाखवला. बायको म्हणते, मला म्हाताऱ्याचा रोग लागला. लागला असेल. त्याचा गेला आणि मला आला.

कारण त्याचा खरंच गेला होता. दुकानात येणाऱ्यांना तो मागतील ते देऊ लागला. एकाने सुताराची वाइन मागितली, तर ती कुठल्या दुकानात मिळेल ते त्याने रस्त्यासकट सांगितलं. आमच्या घरी साडेदहाला फोडणी झाली तरी वर कोणी येईना. बायकोने मुद्दाम करून पाहिली.

फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला, की सोमवारी बाग काढतोय. म्हाताऱ्याने मला विचारलं नाही, मीच गाडी काढली.

उतरणीच्या पायथ्याशी ट्रॅक्टर उभा होता, साखळ्या लावलेला. धुकं होतं. वेलींवर गेल्या वर्षाच्या फांद्या तशाच विस्कटलेल्या, कारण जी बाग काढायची ती छाटतं कोण? भाच्याने इंजिन सुरू केलं. म्हातारा ट्रॅक्टरच्या पुढून चालत गेला, पहिल्या ओळीशी थांबला, कोटातून कात्री काढली आणि छाटू लागला.

घाईघाईने नाही. नीट. एकेका वेलीसमोर उभा राहून, बघून, नको ती फांदी मुळाशी कापून, हवी ती राखून, तिच्यावरचे कोंब फुटायचे डोळे बोटाने मोजून, वाकवून तारेला बांधून. येत्या वर्षी फळ धरायचं असतं तेव्हा बांधतात तशी. भाच्याने इंजिन बंद केलं. "मामा," तो म्हणाला. खाली बहीण अंगणात येऊन उभी राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला तिथे कोणीही नव्हतं. भाच्याने शब्द पाळला होता. बहिणीने पातेलं वेगळं ठेवलं होतं. ज्यांच्यावर ओरडायचं ते म्युनिकमध्ये आपापल्या ऑफिसात कॉफी पीत होते, आणि त्यांना आज सोमवार आहे एवढंच माहीत होतं.

ओळ संपायला दुपार झाली. शेवटची वेल बांधून त्याने मागे वळून सबंध ओळीवरून नजर फिरवली, एका वेलीपाशी परत गेला आणि सैल राहिलेली गाठ घट्ट केली. मग कात्री पुसून खिशात टाकली, बांधावर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि भाच्याला म्हणाला, "हं. आता चालव."